चाहते : राखणदार की वारसदार?

समीक्षा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर कवितासंग्रह येतो, कादंबरी येते, फार तर नाटक येते. झोंबींच्या दूरचित्रवाणी मालिका आणि सुपरहिरोंचे चित्रपट यांवर कुणी गंभीरपणे लिहावे, हे आपल्या साहित्यिक मंडळींना सहजासहजी पटणारे नाही. परंतु अकोटसारख्या तालुक्याच्या गावी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवताना हा विषय टाळून पुढे जाता येत नाही. नववीच्या वर्गात गझलेचा मतला कोणता आणि मक्ता कोणता, असे विचारले तर सगळी बाके गप्प होतात. त्याच वर्गात मधल्या सुटीत मात्र, मूळ चित्रकथेत जिवंत असलेले पात्र मालिकेत का मारले, यावर कडाक्याचे वाद झडतात. दाखले दिले जातात, तुलना होते, एकाचे म्हणणे दुसरा खोडून काढतो. हिंदीत डब झालेल्या या मालिका, त्यांचे तुकडे आणि त्यांवरची मते मोबाईलवरून आता खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचली आहेत.

थोरांना हे सारे फालतू वाटते. मला तसे वाटत नाही. आपली मुले आयुष्यात पहिल्यांदा समीक्षा करतात ती इथे. काय चांगले, काय वाईट, का चांगले, का वाईट, हे कुणी न सांगता ती बोलू लागतात. म्हणूनच ही समीक्षा कोणत्या फूटपट्टीने केली जाते, आणि तीच फूटपट्टी आपल्या माणसांना लावली की ती त्यांना किती लहान ठरवते, हे तपासणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच.

मुळाशी इमान

चाहत्यांची सर्वांत आवडती फूटपट्टी म्हणजे मुळाशी इमान. चित्रकथेत होते तसे पडद्यावर आले तर चांगले, बदलले तर बिघडवले. वरवर पाहता ही कसोटी रास्त वाटते. पण ती किती डळमळीत आहे हे ‘द वॉकिंग डेड’ या अमेरिकन मालिकेच्या उदाहरणावरून कळते. रॉबर्ट कर्कमन यांची ही चित्रकथा २००३ ते २०१९ या काळात १९३ अंकांत प्रसिद्ध झाली. तिच्यावरची मालिका २०१० मध्ये सुरू झाली आणि ११ पर्वे, १७७ भाग होऊन २०२२ मध्ये संपली. चाहत्यांच्या रागालोभाचा एवढा मोठा दस्तऐवज दुसरा क्वचितच सापडेल.

या मालिकेतील ग्लेन हे लोकप्रिय पात्र. चित्रकथेच्या १०० व्या अंकात त्याचा निर्घृण खून होतो. २०१६ मध्ये मालिकेनेही तो प्रसंग जवळजवळ तसाच दाखवला. म्हणजे मुळाशी पूर्ण इमान राखले. तरीही चाहते संतापले. हे फार झाले म्हणत अनेकांनी मालिका सोडली. पुढे २०१८ मध्ये नायकाचा मुलगा कार्ल याला मालिकेने मारले. चित्रकथेत तो शेवटपर्यंत जगतो. इथे इमान मोडले, तेव्हाही चाहते संतापले. आणि ज्या डॅरिल डिक्सनवर चाहत्यांनी सर्वांत जास्त जीव लावला, ज्याच्या नावाने २०२३ मध्ये स्वतंत्र मालिका निघाली, तो मूळ चित्रकथेत मुळी नाहीच!

यावरून एक गोष्ट लक्षात येते. चाहता जेव्हा मुळाचे नाव घेतो तेव्हा त्याला खरी काळजी मुळाची नसते. पात्राशी त्याचे जे नाते जडलेले असते ते दुखावले की तो मुळाचा आधार शोधतो. हे नाते खोटे नाही, उलट फार मोलाचे आहे. पण ‘मला वाईट वाटले’ असे म्हणण्याऐवजी ‘हे अस्सल नाही’ असे म्हटले की मताला निकालाचे रूप येते. चाहता मग राखणदार होतो. काय अस्सल आणि काय नक्कल, हे दारात उभे राहून तो ठरवू लागतो. या दारातून कोणाला आत सोडले जात नाही, हा आपल्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे.

चपला घातलेला सुपरमॅन

या प्रश्नासाठी दूर जायला नको. खान्देशच्या वेशीवर, नाशिक जिल्ह्यात मालेगाव आहे. यंत्रमागांचे गाव. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या विणकरांनी वसवलेले मोहल्ले, दिवसरात्र चालणारे माग आणि शुक्रवारची सुटी. या सुटीच्या दिवशी कामगारांचा एकच शौक, सिनेमा. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणारे शेख नासिर यांनी साध्या हँडीकॅमवर ‘मालेगाव के शोले’ बनवला. नट गावातलेच होते. मग त्यांनी सुपरमॅनला मालेगावात आणायचे ठरवले. पडद्यावर माणूस उडतो कसा, हिरव्या पडद्याचे तंत्र काय असते, हे त्यांनी आपले आपण शिकून घेतले. सुपरमॅन झाले शफीक शेख, मागावर काम करणारे किडकिडीत तरुण. या साऱ्या खटाटोपावर फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. तो २००८ चा. आपल्याकडे चित्रपटगृहांत तो २०१२ मध्ये आला.

माझ्या वर्गातल्या चाहत्यांना यातली दृश्ये दाखवली की पहिली प्रतिक्रिया हसण्याची असते. सुपरमॅनच्या पायात चपला आहेत. चड्डीची नाडी बाहेर लोंबते आहे. मालेगावच्या धुळीने त्याला दम लागतो. आता नासिर यांनाही लोकांना हसवायचेच आहे, हे विसरता कामा नये. त्यांचा चित्रपट विडंबनच आहे. पण मुलांच्या हसण्यात दोन वेगवेगळी हसणी मिसळलेली असतात. एक विनोद कळल्याचे, ते निकोप. दुसरे ‘हे काय, अगदीच नकली’ असे म्हणणारे. दुसऱ्या हसण्यात मुले नकळत स्वतःच्या मोहल्ल्याला, स्वतःच्या बोलीला आणि स्वतःच्या बापाच्या पायातल्या चपलेला हसत असतात. राखणदाराची फूटपट्टी हातात आली की असे होते.

आता हीच फूटपट्टी प्रामाणिकपणे लावून पाहू. सुपरमॅनचे मूळ कोणते? १९३८ च्या जून महिन्याच्या ‘अॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात तो प्रथम अवतरला. त्याचे जनक जेरी सीगल आणि जो शुस्टर हे क्लीव्हलँड शहरातले दोन तरुण, परदेशातून आलेल्या ज्यू कुटुंबांतले. मंदीचा काळ, खिशात पैसा नाही. सीगल स्वतः विज्ञानकथांचे वेडे चाहते होते आणि घरगुती स्वरूपाचे मासिक काढत होते. आपल्या नायकाचे सारे हक्क या दोघांनी १३० डॉलरला विकले. त्यांचा पहिला सुपरमॅन उडत नव्हता, उंच उड्या मारत होता. त्याचे शत्रू परग्रहावरचे राक्षस नव्हते. बायकोला मारणारा नवरा, मजुरांच्या जिवाशी खेळणारा खाणमालक, भ्रष्ट पुढारी यांना तो धडा शिकवत असे. झोपडपट्टीच्या प्रश्नातही त्याने हात घातला होता.

मालेगावच्या सुपरमॅनची लढाई कशाशी आहे? गावातल्या घाणीशी आणि माणसे पोखरणाऱ्या तंबाखूशी. म्हणजे अस्सलपणाच मोजायचा असेल, तर कोट्यवधी डॉलर खर्चून केलेल्या कित्येक चित्रपटांपेक्षा हा चपला घातलेला सुपरमॅन १९३८ च्या मुळाच्या अधिक जवळ आहे. गरीब वस्तीतल्या, अल्पसंख्याक समाजातल्या दोन पोरांनी जे केले तेच दुसऱ्या गरीब वस्तीतल्या, अल्पसंख्याक समाजातल्या पोरांनी पुन्हा केले. आपल्या गल्लीला छळणारी गोष्ट कोणती ते पाहिले आणि तिच्याशी लढायला एक बलवान माणूस कल्पनेतून उभा केला. सीगल चाहते होते, नासिरही चाहतेच. पण दोघेही राखण करत बसले नाहीत. वारसा मिळाल्यासारखी त्यांनी ती गोष्ट हाती घेतली आणि वापरली.

या विनोदामागे एक दुःख आहे, तेही नोंदवले पाहिजे. शफीक शेख २०११ मध्ये कर्करोगाने गेले. पडद्यावर जो तंबाखूशी लढला त्याचा हा शेवट पाहिल्यावर ते दृश्य हसून सोडून देता येत नाही.

बाहेरची नजर आणि घरातली उणीव

माहितीपट ज्या काळात झाला तो मालेगावसाठी कठीण काळ होता. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी, तिथे बॉम्बस्फोट झाले. आधी मुस्लिम तरुणांनाच आरोपी म्हणून पकडण्यात आले. विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले ते २०१६ मध्ये. २९ सप्टेंबर २००८ रोजी गावात पुन्हा स्फोट झाला. बाहेरच्या पडद्यावर मालेगावचा चेहरा म्हणजे एक तर स्फोट, नाही तर दंगल आणि दारिद्र्य. या दोहोंच्या मधून सिनेमावेडे, हसरे, खटपटे मालेगाव लोकांसमोर आले, हे फैजा अहमद खान यांच्या माहितीपटाचे मोठे काम आहे. मात्र शहरी प्रेक्षकांनी केलेले कौतुक पुष्कळदा ‘बिचाऱ्यांनी एवढ्याशा साधनांत किती केले’ या सुरात होते. हा सूरही फूटपट्टीचाच एक प्रकार. राखणदाराने दार उघडले, पण मागच्या अंगणात बसवले, अशातली ती गोष्ट आहे.

पुढे रीमा कागती यांनी याच हकिकतीवर ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट केला. तो २८ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. पटकथा वरुण ग्रोवर यांची आहे, आदर्श गौरव नासिर झाले आहेत, शशांक अरोरा शफीक आणि विनीत कुमार सिंह लेखक फरोग जाफरी. म्हणजे सुपरमॅनच्या रूपांतरावरच्या माहितीपटाचे हे रूपांतर! साहजिकच, माहितीपटातला कच्चेपणा, त्यातला सहज विनोद इथे उरला नाही, सगळे गुळगुळीत झाले, अशी तक्रार झाली. तक्रारीत तथ्य आहे. माहितीपटात माणसे स्वतःवर हसतात, चित्रपटात त्यांच्यासाठी रडण्याची तजवीज केलेली आहे. पण चित्रपटाने फरोग यांच्या रूपाने एक प्रश्न धीटपणे पुढे आणला, तो माझ्या मते माहितीपटापेक्षा अधिक. दुसऱ्यांच्या गोष्टींची विडंबने किती दिवस करायची? आपली स्वतःची गोष्ट कधी लिहायची? गावातल्या लेखकाची ही घुसमट आपल्यापैकी अनेकांना ओळखीची वाटेल.

मालेगावच्या प्रयोगातली एक उणीवही स्पष्टपणे सांगायला हवी. त्यात मालेगावच्या बायका कुठे आहेत? नायिका बाहेरून आणावी लागते, कारण गावातली स्त्री पडद्यावर येत नाही. पुरुष उडतात, पुरुष पडतात, पुरुषच कॅमेरा धरतात. आमच्या वर्गातल्या मुलींच्या हे लगेच ध्यानात येते. नव्या चित्रपटाने स्त्री-पात्रांना थोडी जागा दिली, तरी गोष्ट ‘बॉईज’चीच राहिली. कौतुकाच्या भरात ही उणीव झाकली तर आपणही राखणदारच ठरू, फक्त दार दुसरे.

कमला खानची बांगडी

मुलींचा प्रश्न निघाला की कमला खानचे नाव घ्यावेच लागते. ‘मिस मार्व्हल’ या नावाने २०१४ मध्ये तिची चित्रकथा सुरू झाली. न्यू जर्सीत राहणारी पाकिस्तानी वंशाची ही शाळकरी मुस्लिम मुलगी. जी. विलो विल्सन यांनी तिच्या कथा लिहिल्या आणि सना अमानत यांनी संपादन केले. कमला स्वतः सुपरहिरोंची चाहती आहे, त्यांच्यावर कथा लिहिते. म्हणजे चाहतीच नायिका झाली. २०२२ मध्ये तिच्यावर मालिका आली आणि इमान वेलानी यांनी ती भूमिका केली.

मालिकेवर चाहत्यांचा मोठा आक्षेप होता तो तिच्या शक्तीवर. चित्रकथेत कमला आपले शरीर हवे तसे ताणते, रूप बदलते. मालिकेत तिला एका जुन्या बांगडीमुळे प्रकाशाची शक्ती मिळते. इथे चाहत्यांचे म्हणणे मला बरेचसे मान्य आहे. चित्रकथेत शक्ती मिळताच कमला पहिल्यांदा काय होते? सोनेरी केसांची गोरी नायिका. मग त्या परक्या रूपात तिला अवघडायला होते आणि हळूहळू ती स्वतःच्या रूपात लढायला शिकते. रूप बदलण्याची शक्ती ही त्या गोष्टीचा अर्थच होती. ती काढली तेव्हा अर्थाचा एक मोठा तुकडा गेला. मूळ काय होते एवढे सांगून न थांबता, ते का तसे होते हे सांगितले, तर मुळाची बाजू घेणारी समीक्षाही सकस होऊ शकते, असे यावरून दिसते.

पण बदल्यात आले काय, हे चाहत्यांनी फारसे पाहिले नाही. बांगडी पणजीची आहे आणि तिचा धागा १९४७ च्या फाळणीपर्यंत जातो. शर्मीन ओबेद-चिनॉय यांनी दिग्दर्शित केलेल्या भागांत कराची आहे, माणसांनी खचाखच भरलेली गाडी आहे आणि त्या गर्दीत हरवलेली लहान मुलगी आहे. जगभर पाहिल्या जाणाऱ्या सुपरहिरो मालिकेत आजी-पणजीच्या तोंडची ही गोष्ट यावी, ही लहान बाब नव्हे.

तरीही इथे आपला म्हणून एक प्रश्न उरतो. कमलाचे घर, तिची अम्मी, मशिदीतल्या चपलांची चोरी हे सारे आमच्या मुलींना आपले वाटते. पण ती गाडी आपली नाही. वऱ्हाडातल्या बहुसंख्य मुस्लिम घरांची गोष्ट ती गाडी पकडणाऱ्यांची नाही, न पकडणाऱ्यांची आहे. जे इथेच राहिले, काळ्या मातीत कापूस पेरत राहिले, ज्यांनी मुलांना उर्दू शाळेत घातले आणि बाजारात वऱ्हाडी बोलले, त्यांच्या पणजीच्या बांगडीची गोष्ट अजून कुणी सांगितलेली नाही. अमेरिकेतल्या लेखिकेने ती सांगावी अशी अपेक्षा करणेही चूक. ती आपणच सांगायची आहे.

मेलेले कोण आणि जिवंत कोण

आता झोंबींकडे वळू. सुपरहिरो आपल्या आशेचे रूप असेल तर झोंबी भीतीचे. या भीतीचा उगम हैतीत आहे. फ्रेंच मळ्यांवर उसाच्या कामाला जुंपलेल्या आफ्रिकी गुलामांच्या मनात एक भय होते, मेल्यावरही सुटका नाही, मालक आपले प्रेत उठवून कामाला लावील. पुढे अमेरिकन सिनेमाने हे रूप बदलले. १९६८ मध्ये जॉर्ज रोमेरो यांच्या ‘नाईट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये झोंबी माणसे खाणारा जमाव झाला. त्या चित्रपटाचा नायक कृष्णवर्णीय होता, ड्वेन जोन्स यांनी ती भूमिका केली. रात्रभर झोंबींशी झुंजून तो वाचतो आणि सकाळी मदतीला आलेली बंदूकधारी टोळी त्यालाच झोंबी समजून गोळी घालते. समोर माणूस आहे हे टोळीला ओळखू येत नाही. या शेवटाचा अर्थ आपल्या वाचकांना फोड करून सांगण्याची गरज नाही.

झोंबीकथेचा खरा प्रश्न हाच आहे. जिवंत माणसांत कोणाची गणना होते? चाहत्यांचे वाद मात्र झोंबी हळू चालावेत की पळावेत, डोक्यात वार केल्यावरच मरावेत की कसेही, यावर रंगतात. २०२० मध्ये आलेल्या ‘बेताल’ या हिंदी मालिकेत हळद, मीठ आणि राखेने झोंबींना थोपवता येते. हे काही नियमात बसत नाही, असे म्हणून पट्टीच्या चाहत्यांनी नाके मुरडली. मालिका सदोष आहेच, चार भागांत तिला दम लागतो. पण रस्त्यासाठी आदिवासींचे गाव उठवायला आलेल्या सशस्त्र दलासमोर कंपनी सरकारच्या काळातली मेलेली पलटण उभी राहते, ही तिची कल्पना सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हाला परकी वाटत नाही. मेळघाटातून उठवून आणलेली गावे अकोट तालुक्यात आहेत. तिथली माणसे आमच्या बाजारात रोज भेटतात. हळद-मिठावर हसण्याआधी हे दिसायला हवे होते.

मराठीत आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ २६ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला. अमेय वाघ, ललित प्रभाकर आणि वैदेही परशुरामी त्यात आहेत. मराठीतला पहिला झोंबीपट म्हणून त्याची जाहिरात झाली. ‘मराठीत हे जमणार का?’ हीच बहुतेक चर्चा होती आणि रंगभूषा बरी आहे, पळापळ बरी आहे, असे गुण देऊन ती संपली. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते पाणी. एका बाजूला उंच इमारती, दुसऱ्या बाजूला झोपडपट्टी आणि संकटाचे मूळ पाण्यापाशी. डोंबिवलीच्या माणसाला ठाऊक असलेली भीती दिग्दर्शकाने बरोबर हेरली आहे. उणीव अशी की प्रेक्षकाला सोबत घेऊन फिरणारा माणूस इमारतीत राहायला आलेला मध्यमवर्गीय अभियंता आहे. झोपडपट्टीतली माणसे झोंबी होतात तेव्हा त्यांची नावे आपल्याला क्वचितच ठाऊक असतात. नाव ठाऊक नसलेल्याचे मरण विनोदी करणे सोपे जाते.

दोनच दिवसांनी, २८ जानेवारी २०२२ रोजी, ‘ऑल ऑफ अस आर डेड’ ही कोरियन मालिका आली. ती शाळेत घडते, म्हणून आमची मुले तिच्यावर विशेष खूश. शिक्षक या नात्याने मला तिच्यातली एक गोष्ट बोचली. ती साथ निर्माण करतो शाळेतलाच विज्ञानाचा शिक्षक, कारण त्याच्या मुलाला इतर मुले छळत असतात आणि शाळा कानाडोळा करते. पुढे शाळेत अडकलेल्या मुलांना सोडवायला मोठी माणसे येतच नाहीत. माझ्या विद्यार्थ्यांना झोंबींची पळापळ आठवते. पण थोडे विचारले की तीच मुले सांगतात, आमच्या वर्गातही अमक्याला असेच चिडवतात. एवढे बोलणे झाले, की मालिकेवर चांगली समीक्षा झाली असे मी समजतो.

आपली जुनी रीत

उर्दूच्या शिक्षकाला या साऱ्यात दास्तानची आठवण होणे स्वाभाविक आहे. अमीर हमजाची दास्तान इराणकडून हिंदुस्थानात आली. लखनौच्या दास्तानगोंनी तिला इतकी वाढवली की नवल किशोर छापखान्याने तिचे ४६ खंड छापले. त्यातला सर्वांत गाजलेला भाग ‘तिलिस्म-ए-होशरुबा’, १८८३ ते १८९३ या काळात प्रसिद्ध झालेला. मुहम्मद हुसेन जाह आणि अहमद हुसेन कमर यांचे ते काम. गंमत अशी की फारसीतून भाषांतर केल्याचा आव आणला जात होता, प्रत्यक्षात ते बहुतांशी इथेच रचलेले होते. मुळाचे नाव घ्यायचे आणि आपले सांगायचे, अशी ती रीत. मराठीतही कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ इंग्रजीवरून आणल्या आणि त्या मराठी घराघरांत आपल्याच म्हणून वाचल्या गेल्या. हे मुळाशी इमान नाही, असे म्हणून त्या कुणी परत पाठवल्या नाहीत.

होशरुबातल्या उमरो अय्यारजवळ जंबील असते. त्या झोळीत वाटेल ते मावते, हवे ते निघते. मुलांना हे सांगितले की ती लगेच म्हणतात, डोरेमॉनचा खिसा! मी त्यांना अडवत नाही. जपानच्या खिशातून लखनौच्या झोळीपर्यंत यायला त्यांना एवढी एक पायरी पुरते. तिथून स्वतःच्या झोळीपर्यंत नेणे हे आपले काम आहे.

शेवटी

मालिका पाहू नका, असे सांगून भागणार नाही. पाहणाऱ्या मुलांच्या हाती चांगले प्रश्न द्यावे लागतील. हे मुळासारखे आहे का, हा प्रश्न राहू द्या, पण त्याच्या सोबतीला आणखी तीन हवेत. ही भीती कोणाची आहे? यात कोणाला नाव आहे आणि कोणाला नाही? आणि हीच गोष्ट आपल्या गावात आली तर काय बदलेल? शाळेच्या भित्तिपत्रकासाठी, वाचनालयाच्या स्पर्धेसाठी, आपल्या साहित्य संमेलनांतल्या बालविभागासाठी हे प्रश्न पुरेसे आहेत. खर्च काही नाही.

हा तिसरा प्रश्न आमच्या वर्गाला लिहायला दिला होता. बहुतेकांनी उडणारे नायक लिहिले. एका मुलीचे गाव खारपाणपट्ट्यातले. विहिरीला पाणी असून तोंडात घेता येत नाही, अशी तिकडची स्थिती. तिने लिहिले की तिच्या नायिकेला उडता येत नाही, तिच्या अंगात ताकदही नाही. तिने विहिरीत हात घातला की पाणी गोडे होते आणि त्यामुळे टँकरवाला तिच्या मागे लागतो. वाचून दाखवल्यावर मागच्या बाकावरचा एक पट्टीचा चाहता म्हणाला, असली शक्ती कोणत्याच सुपरहिरोला नाही. मुलीने उत्तर दिले, त्यांच्या गावात पाणी खारे नसेल.

तो चाहता क्षणभर गप्प झाला. मग टँकरवाल्याचे पुढे काय होते, ते त्याने विचारले.